पाण्याच्या दिवसाचे पैसे

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळानं एका वर्षी भटूला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. त्याच कॉलनीत मी पंचवीस वर्षं राहतोय, दर गणपतीत फुकट नाटुकली बसवतोय, पोरांना संवाद पाठ करून घेतोय. मला कधी कुणी स्टेजवरच्या खुर्चीत बसवलं नाही. भटू मात्र टीव्हीवर दिसतो, म्हणून त्याच्यासाठी सोफा आणला, आणि तो सोफासुद्धा माझ्याच घरून नेला.

अध्यक्षांनी शाल दिली, नारळ दिला, वर एक पाकीट दिलं. लोक टाळ्या वाजवतायत आणि या गृहस्थानं तिथंच स्टेजवर पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, अध्यक्षांच्या कानाशी वाकून म्हणाला, "ठरलं होतं त्यात पाचशे कमी आहेत." माइक चालू होता. अख्ख्या कॉलनीनं ऐकलं. अध्यक्षांचं तोंड इतकं उतरलं, की त्यांनी समोरच्या किराणा दुकानदाराकडून नोट मागून आणली आणि याच्या हातात ठेवली. भटूनं ती घडी घालून खिशात घातली आणि मग असा काही बोलला, असा काही बोलला, की शेवटी म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी कॉलनीत एकच विषय. "टीव्हीतला माणूस, आणि पाचशे रुपयांसाठी मेला!" मी घरोघरी जाऊन चहा प्यायलो त्या दिवशी. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

भटू मूळचा सोनगीरचा. त्याचं नाव खरंच भटू आहे. मुंबईत गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, नाव बदल, जरा भारदस्त काहीतरी घे. यानं ऐकलं नाही. म्हणाला, "भटू नावाचा दुसरा नट अख्ख्या मुंबईत नाही, माझा चेक दुसऱ्याच्या नावावर जायची भीती नाही." त्याची सगळी अक्कल ही अशी, पैशापासून सुरू व्हायची.

आम्ही दोघं धुळ्याला कॉलेजात होतो. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नोकरी तेव्हा धुळ्याला होती. कॉलेजच्या नाटकाचा नायक मी. तेव्हा मी दिसायला बरा होतो, हे माझी बायको सोडून सगळे मान्य करतात. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. भटू काळा, किडकिडीत, सोनगीरहून एसटीनं यायचा, नेपथ्याच्या फळ्या उचलायचा. शेवटच्या वर्षी हवालदाराचं काम करणारा मुलगा आजारी पडला म्हणून भटूला उभं केलं. वाक्यं दोन. "साहेब, माणूस आणलाय," आणि "साहेब, गाडी आली."

माझं पाच पानांचं स्वगत चालू असताना हा मागं बाकावर बसून शेंगा खात होता. खऱ्या शेंगा, घरून आणलेल्या. फोडायचा, दाणे तोंडात टाकायचा आणि टरफलं शर्टाच्या खिशात भरायचा. हळूहळू प्रेक्षकांची मान तिकडं वळली. मी घसा फोडून आयुष्य, न्याय, आई असं काय काय बोलतोय आणि लोक बघतायत, याचा खिसा कधी भरतो! आत आल्यावर मी त्याची गचांडी धरली. म्हटलं, "टरफलं खिशात का भरत होतास?" तर म्हणे, "हवालदार साहेबाच्या खोलीत कचरा करील काय? साहेब ओरडेल ना."

स्पर्धेला मुंबईचे एक दिग्दर्शक परीक्षक म्हणून आले होते. त्यांनी कप मला दिला. स्टेजवरून माझी स्तुतीही केली. मग मागं येऊन भटूला विचारलं, "पुढच्या महिन्यात मुंबईला येशील का? तीन दिवसांचं काम आहे." तो कप अजून माझ्या कपाटावर आहे. भटूला तीन दिवसांचे पैसे मिळाले.

तेवढंच. सगळी गोष्ट एवढीच आहे खरं म्हणजे. मला नंतर पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, जळगावला बदली झाली, लग्न झालं, पिंप्राळ्यात घर झालं. नाटक मी सोडलं नाही. हौशी मंडळात केलं, खात्याच्या स्पर्धेत केलं, गणपतीत केलं. नारळ इतके मिळाले की सुनंदा, माझी बायको, त्याच्या वड्या करून करून कंटाळली. पण अभिनयाचा एक रुपया मला कुणी दिला नाही. कुणी म्हणायचं नाही, की वसंतराव, हे तुमच्या कामाचे. मी देवाला दुसरं काही मागितलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, कामाचे पैसे मिळावेत.

आणि हा भटू! काय केलं नाही त्यानं? इन्स्पेक्टर झाला, न्यायाधीश झाला, डॉक्टर, सावकार, आमदार, देवळातला पुजारी, भुताटकीच्या मालिकेत भूत झाला. हिंदीत झाला, मराठीत झाला, एका भोजपुरी सिनेमात नायिकेचा मामाही झाला. कुठल्याच भूमिकेला त्यानं नाही म्हटलं नाही. एकदा तर नुसतं प्रेत झाला. चार दिवस हार घालून पडून होता. मी खवचटपणे विचारलं, "काय रे, प्रेताला काय अभिनय लागतो?" तर शांतपणे म्हणाला, "लागतो. नाकावर माशी बसली की कळतं. आणि रेट तोच असतो. पडून राहायचे पैसे तुमच्या पाटबंधाऱ्यात तरी देतात का?" आमच्या पाटबंधाऱ्यात देतात, पण ते त्याला कशाला सांगा.

त्याच्या खांद्याला कायम एक पिशवी. त्यात तीन शर्ट, दोन मिश्या आणि पॉलिश केलेले काळे बूट. छोट्या नटाला बूट कुणी देत नाही म्हणे, असले तर दहा नंबरचे असतात. "स्वतःचे काळे बूट असले की कामं येतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या बुटांवर तो वकीलही व्हायचा आणि मंत्रीही.

एकदा मी त्याच्या सोनगीरच्या घरी गेलो होतो. हायवेवरून आत वळलं की किल्ल्याच्या पायथ्याशी त्याचं घर. भटू मला घर दाखवायला लागला. "ही बोअरवेल म्हणजे पुजारी," म्हणाला. मला कळेना. "हा वरचा पत्रा आहे ना, ते प्रेत. आतला फ्रीज सावकार. तुझ्या वहिनीच्या बांगड्या न्यायाधीश." ज्या कामाच्या पैशातून जी वस्तू आली, तिला त्या भूमिकेचं नाव! त्याची बायको आतून ओरडली, "सावकारमधून दही काढा हो!" आणि तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

पोरीला शिरपूरला इंजिनिअरिंगला घातलं होतं. ते सगळं शिक्षण म्हणजे एका मालिकेतला सासरा. तीन वर्षं तो सासरा जोरात चालला. मग लेखकानं सासऱ्याला कोमात घातलं. कोमातल्या माणसाला रोज कोण बोलावणार? महिन्याला दोनच दिवस काम यायला लागलं आणि इकडं फी थकली. तेव्हा भटू रोज देवाला हात जोडायचा, की सासरा शुद्धीवर येऊ दे. त्याची बायको तर खरोखरच कानबाई देवीला नवस बोलली. सासरा शुद्धीवर आला, पोरगी पास झाली, आणि कानबाईच्या रोटाच्या सणाला भटूनं शूटिंग सोडून सोनगीरला येऊन नवस फेडला. मी म्हटलं, देवीलासुद्धा मालिका बघायला लावली यानं.

सहासहा महिने काम नाही असंही व्हायचं. झालेल्या कामाचे पैसेसुद्धा तीन महिन्यांनी येतात त्यांच्याकडं, आणि कधी कंपनीच गुंडाळली की येतच नाहीत. तसल्या दिवसांत तो सोनगीरला एका भांड्यांच्या दुकानात बसून असायचा. मी गेलो की अहिराणीत म्हणायचा, "वसंता, तुन्हं बरं शे. एक तारीख उनी का पैसा उनात. माले हेवा वाटस भो तुन्हा."

माझा हेवा! ऐकून घ्या. ज्याला बघून चहाच्या टपरीवर लोक कप खाली ठेवतात, त्याला माझा हेवा! सुनंदा म्हणते, तो खरंच म्हणत होता. असेल. पण एक तारखेला माझा पगार झाला म्हणून कधी कुणी मला बघायला आलं नाही.

आता मुख्य सांगतो.

आबा गेले त्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडं घरात कुणी गेलं की लोक दारावर येतात. अंगणात सतरंजी टाकलेली, पुरुषमाणसं येऊन बसतात, पाच-दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही, मग उठून जातात. भटूची ही एक खोड. कुठंही असो, ओळखीच्या घरी कुणी गेलं की तो दारावर येणारच, आणि लोक दहा मिनिटांत उठत, हा तासन्‌तास बसून राहणार. सगळे म्हणायचे, केवढा जीव लावणारा माणूस! माझ्या मनात मात्र तेव्हाही शंका होती.

आमच्याकडं तो मुंबईहून रातोरात आला आणि सकाळी येऊन सतरंजीच्या कडेला बसला. मी मधे बसलो होतो. मला रडू येत नव्हतं. मोठा नट ना मी, स्टेजवर हुकमी रडणारा, आणि बाप गेला तर डोळे कोरडे. लोक माझ्याकडं बघत होते आणि मला लाज वाटत होती.

तेवढ्यात नळ आला. जळगावच्या माणसाला हे सांगायला नको. पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं तो पाण्याचा दिवस, आणि त्या दिवशी घरात लग्न असो की मयत, टाकी भरावी लागते. आमच्या घरी पाणी कायम आबाच भरायचे. पाइप टाकीत सोडून बाजूला व्हायचे नाहीत, हातात धरून, अंगठा त्याच्या तोंडाशी लावून उभे राहायचे. मी म्हणायचो, आबा, पाइप काय पळून जातो का? तर म्हणायचे, तू तुझं बघ.

मोटारीचा आवाज झाला आणि मी उठलो. चुलतभाऊ म्हणाला, "बस तू, आम्ही भरतो." मी ऐकलं नाही. पाइप त्यांच्यासारखाच टाकीत धरला आणि उभा राहिलो. टाकी भरली. पाणी काठावरून सांडायला लागलं, माझ्या धोतरावरून, पायांवरून, अंगणातून सतरंजीपर्यंत गेलं. लोकांनी पाय वर घेतले. मला दिसत होतं सगळं, पण पाइप सोडवेना. सोडला असता तर आबा गेले असते. शेवटी सुनंदानं येऊन मोटार बंद केली.

नंतर मी ते विसरूनही गेलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात भटूच्या नव्या मालिकेची फार चर्चा होती. आम्हीही बघायचो, मी चुका काढायला बघायचो. त्या दिवशीच्या भागात त्याचा बाप मेलेला. अंगणात माणसं बसलेली, भटू मधे, चेहरा कोरडा. आणि नळ आला.

मी खुर्चीत पुढं सरकलो. भटू उठला. कुणीतरी म्हणालं, बस, आम्ही भरतो. त्यानं ऐकलं नाही. पाइप धरला. पिंप भरलं, पाणी सांडायला लागलं, धोतर भिजलं, माणसांनी पाय वर घेतले. तो उभाच. डावा खांदा जरा खाली, मान तिरकी, अंगठा पाइपच्या तोंडाशी. माझा खांदा, माझी मान. अंगठा आबांचा होता.

सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, हे तर तुम्ही."

आणि मग मला रडू आलं. कोरडा होतो ना इतके महिने? टीव्हीसमोर हुंदके देऊन रडलो. ते संपायच्या आधीच राग आला. इतका राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता. माझा बाप, माझं अंगण, माझं पाणी, आणि हा ते घेऊन गेला! वर त्यानं ते माझ्यापेक्षा चांगलं केलं. मी त्या दिवशी नुसता उभा होतो. त्यानं उभं राहून दाखवलं.

मोबाइल वाजायला लागला. व्हॉट्सअॅपवर तो तुकडा फिरत होता. चुलतभावाचा फोन, "बघितलं का? काय काम केलंय भटूनं! डोळ्यात पाणी आलं." अरे गाढवा, तू तिथं होतास! तू मला बस म्हणालास! पण याला आठवतसुद्धा नव्हतं. त्या कामाबद्दल भटूला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. मी पेपर वाण्याला रद्दीत दिला, त्याच दिवशी.

मी त्याला फोन केला नाही. त्यानंही केला नाही. पण आल्यावर काय बोलायचं ते मी तयार केलं होतं. अंघोळीला गेलो की म्हणून बघायचो. सुरुवात संथ, मधे आवाज चढवायचा, शेवटी कुजबुज. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम स्वगत झालं असतं ते.

पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी फाटक वाजलं. भटू. खांद्याला पिशवी, दाढी वाढलेली. "काय भो, कसं चाली ऱ्हायनं?" म्हणत खुर्चीवर बसला. मी उभाच राहिलो. श्वास घेतला, पहिलं वाक्य जिभेवर आणलं, तर यानं पिशवीतून पाकीट काढलं आणि टीपॉयवर ठेवलं.

"हे काय?"

"त्या दिवसाचे. परवा जमा झाले. तीन महिने लागतात, तुला माहितीये."

"कुठल्या दिवसाचे?"

"पाण्याच्या," भटू म्हणाला. "कागदावर लिहिलं होतं, मुलगा ओक्साबोक्शी रडतो. ओक्साबोक्शी मी किती वेळा रडलोय, वसंता. त्यात काही राहिलं नाही आता. मी दिग्दर्शकाला म्हटलं, एक पाइप आणा." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "हाई तुन्हं काम व्हतं. फुकट कशाले करशीन?"

माझं स्वगत गेलं. सुनंदा चहा घेऊन दारात उभी होती, तिला वाटलं मी आता पाकीट त्याच्या अंगावर फेकणार. मलाही तसंच वाटत होतं.

मी पाकीट उचललं. त्याच्यासमोरच उघडलं. अंगठा जिभेला लावला आणि नोटा मोजल्या. परत मोजल्या. पाचशेच्या नोटा होत्या, कोऱ्या. माझे हात थरथरत होते आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी पहिला जो शब्द सुचला तो बोललो.

"एवढेच?"

सुनंदानं चहा-शेवेचा ट्रे टीपॉयवर ठेवला. मी म्हटलं, "बाप माझा, पाणी माझं, धोतर माझं भिजलं. एवढेच?"

भटूनं चहाचा कप घेतला, फुंकर घातली. अगदी गंभीरपणे म्हणाला, "नवा कलाकारले हाऊच रेट शे. त्यातून टीडीएस कापेल शे."

नवा कलाकार! एकसष्टाव्या वर्षी! आणि मग हसू फुटलं, दोघांनाही. सुनंदा म्हणाली, वेडे झालात का. भटूनं चहा संपवला, शेवेचं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि धुळ्याची बस गाठायची म्हणून उठला. फाटकापाशी वळून त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं नाही, माझ्या हाताकडं. पाकीट अजून हातातच होतं. मग रिक्षाला हात करून गेला.

त्यानंतर तो मला समोरासमोर भेटलेला नाही. आता त्याला मुंबईत कामं फार येतात, बक्षिसामुळं. म्हणजे माझ्यामुळं. त्या पैशांतून मी काळे बूट घेतले. सुनंदा म्हणते, रिटायर माणसाला बूट कशाला? मी रोज पॉलिश करून ठेवतो. घरात त्या बुटांना आबा म्हणतात.

परवा सुनंदा भरताची वांगी पुसत बसली होती आणि टीव्ही चालू होता. भटू दिसला. कुठल्याशा मालिकेत रिटायर झालेला कारकून झालाय. साहेब त्याला पाकीट देतो. भटू ते साहेबासमोरच उघडतो. अंगठा जिभेला लावतो, नोटा मोजतो, परत मोजतो. हात जरासे थरथरतात. मग मान तिरकी करतो, डावा खांदा खाली येतो, आणि म्हणतो, "एवढेच?"

मी उठून उभा राहिलो. "सुनंदा! बघ, बघ! हे माझं आहे! हासुद्धा मीच!"

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. दुसरं वांगं हातात घेतलं आणि म्हणाली, "मग ओरडताय कशाला? तीन महिने थांबा."